काडतूस, गज आणि पाणी

माझ्या आजाने आयुष्यात बंदूक झाडली नाही. ठासली मात्र पुष्कळदा, आणि धुतली त्याहून अधिक. लोहगड-विसापूरच्या खालच्या अंगाला आमचे गाव. बंदूक गावातल्या एका भातखाचरांच्या मालकाची. पिकाच्या राखणीसाठी परवाना काढलेली, ठासणीची. रानडुकरांच्या हाक्याला महारवाड्यातली माणसे रान उठवीत. आजा मालकाच्या पाठीशी शिंगडा आणि गज घेऊन उभा राही.

शिंगड्यातली काळी दारू मापाने नळीत सोडायची, वर काथ्याचा बोळा घालून गजाने ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि शेवटी कानावर टोपी. बोळा सैल राहिला तर बार फुसका जातो. दारू आणि छर्रे यांच्यामध्ये पोकळी राहिली तर नळीच फुटायची भीती. म्हणजे चाप ओढणाऱ्याचा जीव ठासणाऱ्याच्या हाती. एवढा विश्वास मालक आजाच्या हातावर टाकीत होता, हे ध्यानात ठेवावे.

आजाच्या बोलण्यात मात्र पुन्हा पुन्हा यायचे ते धुणे. काळ्या दारूत सोरा पंचाहत्तर भाग, कोळसा पंधरा, गंधक दहा. जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग वायू होत नाही. त्यातला काही धुरातून जातो, उरलेला क्षार होऊन नळीला चिकटतो. हे क्षार हवेतली ओल ओढतात. मावळच्या दमट हवेत एक रात्र बंदूक तशीच ठेवली तर सकाळी नळीला तांबेरा. नुसत्या तेलाने ते निघत नाहीत. कढत पाणीच लागते. पहिले पाणी काळे येते, त्याला नासक्या अंड्याचा वास असतो. नितळ पाणी येईपर्यंत ओतत राहायचे. तापलेली नळी मग आपोआप सुकते. कोरडी चिंधी फिरवायची, वर तेलाचा हात.

हे पाणी मालकाच्या घरातून येई. मालकीण ओसरीवरून तांब्याने वरून ओती. आजा अंगणात नळी उभी धरी. बंदुकीला त्याचा हात चाले, तांब्याला चालत नसे. काम संपल्यावर तो प्यायला मागे. त्याच तांब्यातून, तसेच वरून, त्याच्या ओंजळीत.

पुढे मी इतिहासाचा प्राध्यापक झालो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. १८५७ शिकवताना काडतुसाचा धडा दरवर्षी येतो. कागदी काडतूस दाताने तोडायचे, दारू नळीत ओतायची, गोळी गजाने ठासायची. एनफील्ड रायफलीच्या काडतुसाला गाईची नि डुकराची चरबी लावली आहे, असे शिपायांत पसरले आणि धर्म बुडाला. पण ही बातमी फुटली कशी, हे पाठ्यपुस्तके क्वचितच सांगतात. जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळ डमडमच्या दारूखान्यातील एका खालच्या मानलेल्या जातीच्या खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे लोट्यातून पाणी मागितले. विटाळ होईल म्हणून शिपायाने नाकारले. तेव्हा खलाशी म्हणाला, की लवकरच तुम्हाला चरबीची काडतुसे दातांनी तोडावी लागतील, मग जात कुठे राहील? इंग्रजांच्या अहवालात ही हकिगत आहे, त्याचे नाव नाही. उत्तरेकडील दलित समाजाने त्याला मातादीन म्हणून स्मरणात ठेवले आहे. चरबीने बाटलेल्या तोंडाची आठवण इतिहासाने जपली. तहानलेल्या तोंडाची जपली नाही.

काडतूस तोडणाऱ्याला तहान फार लागते. दारूचे कण जिभेवर येतात आणि सोरा खारट असतो. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा कोरेगावात मुंबई फौजेचे शिपाई दिवसभर हेच करीत होते. चकमकीच्या बंदुका, कागदी काडतुसे, रात्रभर चालून आलेली माणसे, आणि नदीची वाट अडलेली. पाणी मिळाले ते अंधार पडू लागल्यावर. तिथल्या स्तंभावरील कंपनीच्या मृत शिपायांपैकी बावीस नावांच्या शेवटी 'नाक' आहे. ती लढाई कंपनीच्या राज्यासाठी होती, हे मी विद्यार्थ्यांपासून लपवीत नाही. पेशवाईत या माणसांचे काय होते, तेही लपवीत नाही. एका मुलीने विचारले, "सर, त्यांनी बंदुका कधी धुतल्या असतील?" मी म्हणालो, पाणी मिळाल्यावर आधी प्याले असतील.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, मार्च १८१८ मध्ये, कर्नल प्रॉथरच्या फौजेने आमच्या डोक्यावरचे विसापूर आणि लोहगड घेतले. राज्य बदलले, पाणवठा बदलला नाही. पलटणीत कवायत शिकलेला महार पेन्शन घेऊन गावी आला की विहिरीपाशी पुन्हा दूर उभा राही. १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी त्याची भरतीही बंद केली. गोपाळबाबा वलंगकर स्वतः पेन्शनर शिपाई. त्यांनी या अन्यायाविरुद्ध अर्ज लिहिला. रामजी सुभेदारांच्या मुलाला सैनिकी पेशाच्या घरात जन्मूनही शाळेत पाणी दुसऱ्याने वरून ओतल्याखेरीज मिळत नव्हते.

तो मुलगा, बाबासाहेब, १ जानेवारी १९२७ रोजी कोरेगावच्या स्तंभापाशी गेले आणि त्याच वर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर. अभ्यासक्रमात हे दोन वेगळे घटक आहेत. मी ते एकाच तासाला शिकवतो, आणि सुरुवात आजाच्या गजापासून करतो.