सर्वांचे ते कोणाचे?
(बऱ्हाणपूरच्या सार्वजनिक स्थळांविषयी काही विचार)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला आठवीत इतिहास शिकवला. त्यांच्याविषयी बोलायचे तर आरंभ एका कबुलीनेच केला पाहिजे. एकदा ते आमच्या वर्गाला शाही किल्ल्यात घेऊन गेले होते. हमामखान्याच्या छतावरील रंगचित्रे ते दाखवीत असताना मी मागे रेंगाळलो आणि बाहेरच्या एका भिंतीच्या गिलाव्यावर खिळ्याने स्वतःचे नाव कोरले. गुरुजींनी ते पाहिले, पण ते रागावले नाहीत. “ही भिंत कोणाची?” एवढेच त्यांनी विचारले. मी म्हणालो, “सरकारची.” “आणि तू कोणाचा?” हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. त्याचे उत्तर मला त्या वेळी देता आले नाही. आजचे व्याख्यान म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर आहे, असे आपण समजावे.

‘सार्वजनिक’ हा शब्द आपल्या भाषेत रुळला तो एकोणिसाव्या शतकात. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली आणि पुढे उत्सवापासून वाचनालयापर्यंत सर्वत्र हे विशेषण लागू लागले. तथापि ही कल्पना शब्दाहून जुनी आहे. पार, चावडी, पाणवठा, घाट, धर्मशाळा, सराई हे आपले जुने शब्द तिचीच साक्ष देतात. मात्र येथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. गावाचा म्हणवला जाणारा पाणवठा गावातील सर्वांचा नव्हता. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपल्या अनुयायांसह जे करावे लागले, ते ओंजळभर पाण्यासाठी नव्हते. ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ खरा करण्यासाठी होते. हा शब्द आपल्याला फुकट मिळालेला नाही. म्हणूनच सार्वजनिक जागेची हेळसांड ही निव्वळ अस्वच्छतेची बाब नव्हे. कष्टाने मिळालेल्या हक्काची ती हेळसांड आहे.

आता आपल्या गावाकडे वळू. पंधराव्या शतकाच्या आरंभी नसीरखान फारुकी याने तापीच्या तीरी हे नगर वसवले आणि त्यास संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे नाव दिले. राजा अलीखान याने बांधलेल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. त्यावर शके १५११ हा काळ नोंदलेला आहे. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती गेला आणि बऱ्हाणपूर हे मोगलांचे दक्षिणेतील मुख्य ठाणे बनले. लष्कर, व्यापारी, विणकर, यात्रेकरू यांची येथे दाटी झाली. एवढ्या माणसांना पाणी कोठून द्यावयाचे, हा प्रश्न राज्यकर्त्यांपुढे उभा राहिला.

त्याचे उत्तर म्हणजे कुंडी भंडारा. ज्यांचे दोहे आपण शाळेत पाठ केले, त्या अब्दुर्रहीम खानखानान यांच्या सुभेदारीत, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराच्या सल्ल्याने ही योजना आकारास आली. सातपुड्याच्या टेकड्यांत मुरलेले पावसाचे पाणी भूगर्भातून तापीकडे वाहते. ते वाटेतच भुयारांत अडवून, केवळ उताराच्या बळावर जाळी करंजापर्यंत आणावयाचे आणि तेथून नळांनी शहरभर खेळवावयाचे, अशी ही रचना होती. मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण ही याच कुळातील इतर नावे.

या रचनेतील एका गोष्टीकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. भुयारावर ठरावीक अंतराने विहिरीसारख्या कुंड्या आहेत. त्यांतून भुयारात हवा आणि उजेड जातो. परंतु माणसालाही उतरता यावे, गाळ काढता यावा, ही सोयही त्यांतच आहे. म्हणजे बांधणाऱ्याने बांधतानाच देखभालीचा विचार केला होता. आपण भुयाराचे कौतुक करतो. मला कुंडीचे अधिक वाटते. जी वास्तू साफ करण्यासाठी वाट ठेवलेली नाही, ती वास्तू सर्वांची म्हणून फार काळ टिकत नाही.

त्या काळी सारेच उत्तम होते, असे मात्र मला म्हणावयाचे नाही. याच १६१५ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्रज वकील सर टॉमस रो येथे आला. त्यास सराईत उतरविले, तेव्हा तेथील खोल्या त्याला विटांच्या भट्ट्यांसारख्या वाटल्या आणि तो आपल्या तंबूतच राहिला. तक्रार करणारे पाहुणे तेव्हाही होते. पण तक्रार करण्याजोगी सराई तरी होती. जहांगीरच्या काळातील अकबरी सराईचा भव्य दरवाजा आजही आपण पाहतो. आतील खोल्यांची पडझडही पाहतो.

हे सारे मोडले कसे? परचक्राकडे बोट दाखविणे सोपे आहे. १६८१ मध्ये छत्रपती संभाजीराजांच्या फौजेने येथील बहादूरपुरा लुटला, हेही मराठीच्या अभ्यासकाने लपवू नये. परंतु लुटीनंतर शहर पुन्हा उभे राहिले. १७३१ च्या सुमारास निजामुल्मुल्काने त्यास तटबंदी घातली. पुढे १७६० मध्ये ते पेशव्यांकडे, मग शिंद्यांकडे आणि १८६० च्या सुमारास इंग्रजांकडे गेले. १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती, नंतर भोपाळ झाली; २००३ मध्ये बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला. प्रत्येक हस्तांतरात जमीन आणि महसूल मोजून घेतला गेला. कुंडीत उतरून गाळ काढण्याचे काम कोणी कोणाकडून मोजून घेतले? शहरे लुटीने जितकी मोडत नाहीत, तितकी ती या न मोजलेल्या कामाने मोडतात.

आजही एक वास्तू केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, दुसरी राज्याकडे, तिसरी नगरनिगमाकडे, अशी वाटणी आहे. गेल्या खेपेस मी राजघाटावर गेलो, तेव्हा पायऱ्यांवर निर्माल्य आणि प्लास्टिक यांचा थर होता. लहानपणी आजीबरोबर कार्तिकस्नानास याच पायऱ्या मी उतरलो होतो. कुंडी भंडाऱ्याचे पाणी अद्याप वाहते. मात्र भुयारात चुनखडीचे थर जमतात आणि भोवतालच्या कूपनलिकांनी भूजल खाली ओढले आहे. मार्च २०२४ मध्ये या भंडाऱ्याचे नाव युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत आले, ही आनंदाची वार्ता आहे. पण यादीत नाव येणे म्हणजे गाळ निघणे नव्हे.

याच शहरात बोहरा समाजाची दर्गाह-ए-हकीमी आहे. तेथील बागा आणि फरशी पाहून कोणीही प्रसन्न व्हावे. गुरुद्वारा, जामा मशीद, आपली देवळे यांनाही झाडणारे हात आहेत. जे एकेका समाजाचे आहे ते आपण सर्वांनी जपले. जे सर्वांचे आहे, ते मात्र कोणाचेच उरले नाही. हा दोष एका समाजाचा नाही आणि एकट्या सरकारचाही नाही. आपलेपणाची आपली कक्षा कोठे संपते, हे त्यातून दिसते.

मी आयुष्यभर जुन्या पोथ्यांतील पाठभेद तपासले. अक्षर पुसट झाले तर जीव हळहळे. घाटाची पायरी खचली तेव्हा मात्र मी वर्तमानपत्राचे पान उलटले. म्हणून उपदेशाचा अधिकार मला नाही. एक विनंती करतो. या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीने शहरातील एक जागा आपली मानावी: एखादी कुंडी, घाटाचा एखादा टप्पा, सराईचा दरवाजा. संबंधित खात्याची परवानगी घेऊन, जाणत्यांना विचारून, महिन्यातून एकदा तेथे जावे. काय ढासळले याची नोंद ठेवावी, ती नोंद त्या खात्याला पाठवावी आणि उत्तर येईपर्यंत पाठवीत राहावी. खात्यांची जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही. उलट तिला साक्षीदार मिळतो. ती नोंदवही शाळेने जपली, तर पुढच्या पिढीस ती इतिहासाचे साधन म्हणूनही उपयोगी पडेल.

गेल्या वर्षी मी पुन्हा किल्ल्यात गेलो होतो. माझे नाव शोधले. ते सापडले नाही; गिलाव्याचा तो भागच गळून पडला होता. मला समाधान वाटावयास हवे होते, पण वाटले नाही. नाव गेले ते चांगलेच झाले. भिंतही चालली आहे, हे चांगले नाही. गुरुजी, ती भिंत माझी होती, एवढेच आज सांगतो.