फुटपाथ, नोटीस आणि एक ‘शकतात’

सरकारने जागा खाली करायला सांगितली, तर कोर्टात जाता येतं का? माझ्या संशोधनाचा विषय कळला की लोक हा प्रश्न हमखास विचारतात. उत्तर सोपं आहे: हो, येतं. पण कोर्ट तिथे नेमकं काय तपासतं हे माहीत नसेल, तर निकाल वाचून गोंधळ उडतो.

माझं शिक्षण विज्ञानाचं, म्हणून उदाहरणही तिकडचंच देते. शोधनिबंध तपासणारा तज्ज्ञ प्रयोग स्वतः पुन्हा करत नाही. पद्धत बरोबर होती का, निष्कर्षाला आधार आहे का, हे तो बघतो. न्यायिक पुनर्विलोकन बरंचसं तसंच असतं. आदेश काढणाऱ्याला अधिकार होता का? कायद्यातली पद्धत पाळली का? समोरच्याचं ऐकून घेतलं का? जमिनीची मालकी कोणाची, हा वाद सहसा दिवाणी कोर्टावर सोडला जातो.

१९६१ चा बिशन दास खटला घ्या. पंजाबात बर्नाला इथे सरकारी जमिनीवर परवानगीने बांधलेली धर्मशाळा होती. अधिकाऱ्यांनी नुसत्या हुकमाने ती चालवणाऱ्यांना बाहेर काढलं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, जमीन सरकारची असली तरी असं हुसकून लावता येणार नाही, कायद्याचा आधार लागेल.

आता पुढचा प्रश्न. कायद्यातच ‘नोटीस न देता’ असं लिहिलेलं असेल तर?

तो प्रश्न मुंबईत आला. १३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या गावी परत पाठवण्याची घोषणा केली. तेही भर पावसाळ्यात! दुष्काळामुळे तमिळनाडूतून आलेल्या एका भूमिहीन मजुराला कुटुंबासह बसमध्ये बसवून परत पाठवलं गेलं. पण कामाच्या शोधात तो मुंबईला परतला. पत्रकार ओल्गा टेलिस आणि फुटपाथवासी कोर्टात गेले. पालिकेचा आधार होता १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याचं कलम ३१४: रस्त्यावरचं अतिक्रमण आयुक्त नोटीस न देता हटवू शकतात.

निकाल आला १० जुलै १९८५ ला. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठाने दोन गोष्टी सांगितल्या. एक, जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो. दोन, कलम ३१४ मधलं ‘शकतात’ म्हणजे मुभा आहे, सक्ती नाही. त्यामुळे आधी नोटीस देणं, ऐकून घेणं हाच नियम, आणि ते टाळणं हा अपवाद.

मग फुटपाथवासी जिंकले का? नाही! कलम वैध ठरलं. पालिकेने न दिलेली सुनावणी आमच्यासमोर भरपूर झाली, असं कोर्टाने म्हटलं आणि हटवायला परवानगी दिली. सवलत मिळाली ती ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा संपून महिनाभर. १९७६ च्या गणनेत नोंद झालेल्यांना मालवणीला किंवा दुसरीकडे पर्यायी जागा द्यावी असं सांगितलं. पण आधी जागा, मग कारवाई, अशी अट घातली नाही.

हक्क मोठा मिळाला, घर मात्र गेलं. पद्धत तपासणाऱ्या कोर्टाची ताकद आणि मर्यादा दोन्ही इथे दिसतात. तरी नोटीस किरकोळ समजू नका. तेवढ्या दिवसांत कागद शोधता येतात, वकील गाठता येतो, स्थगिती मागता येते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बुलडोझर कारवाईआधी किमान १५ दिवसांची नोटीस बंधनकारक केली. मात्र रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा अशा सार्वजनिक ठिकाणची अनधिकृत बांधकामं त्यातून वगळली. म्हणजे फुटपाथवरच्या माणसाला आजही १९८५ च्या त्या ‘शकतात’चाच आधार घ्यावा लागतो.

तेव्हा पुढच्या वेळी अशी बातमी वाचाल, तेव्हा ‘अतिक्रमण होतं का’ एवढ्यावर थांबू नका. नोटीस दिली होती का, आणि कोणी ऐकून घेतलं का, हेही विचारा.