तुटायच्या आधी आकडा सांगा

आजचा भाग थोडा कबुलीजबाबासारखा आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

बीटेकच्या शेवटच्या वर्षी आमच्या चौघांचा प्रोजेक्ट होता. मध्ये भोक असलेली कार्बन फायबरची पट्टी किती भाराला तुटेल, ते कॉम्प्युटरवर काढायचं. लॅबमध्ये पट्ट्या आधीच ओढून तोडल्या होत्या, म्हणजे खरा आकडा हातात होता. सॉफ्टवेअरमध्ये पट्टीचे छोटे छोटे चौकोन पाडतात, त्या जाळीला मेश म्हणतात. गंमत अशी, की मी मेश बारीक केला की पट्टी लवकर तुटायची आणि मोठा केला की उशिरा. शेवटी ज्या मेशला उत्तर लॅबशी जुळलं, तोच रिपोर्टमध्ये टाकला. वर ‘प्रयोगाशी उत्तम मेळ’ असंही लिहिलं. मार्क छान पडले.

पट्टी तीच, भोक तेच, मग उत्तर माझ्या चौकोनांवर का अवलंबून? हे मी तेव्हा कुणालाच विचारलं नाही. स्वतःलाही नाही. नंतर वाचायला लागलो तेव्हा कळलं, की या प्रश्नामागे अख्खा इतिहास आहे.

सुरुवात ए. ए. ग्रिफिथपासून करू. इंग्लंडमधलं फार्नबरो, विमानांचं सरकारी संशोधन केंद्र, साल १९२०. ग्रिफिथ तेव्हा साधारण माझ्याच वयाचा. त्याने काचेचे तंतू ओढून पाहिले. तंतू जितका बारीक, तितकी त्याची ताकद जास्त. कारण काय, तर जाड काचेत न दिसणाऱ्या चिरा असतात, बारीक तंतूत मोठी चीर मावतच नाही. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. तडा पुढे सरकतो तेव्हा नवा पृष्ठभाग तयार होतो आणि त्यासाठी ऊर्जा खर्च होते. ताणातून सुटणारी ऊर्जा हा खर्च भागवत असेल, तरच तडा वाढतो. ही ‘खर्चाची’ गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच फार्नबरोमध्ये १९६० च्या दशकात मजबूत कार्बन फायबर तयार झालं. रोल्स-रॉईसने आपल्या आरबी२११ या जेट इंजिनाच्या पंख्याची पाती त्यापासून बनवायची ठरवली. पाती हलकी होती, ताणाला भक्कम होती. पण १९७० मध्ये पक्षी आदळण्याच्या चाचणीत ती टिकली नाहीत. टायटॅनियमकडे वळावं लागलं. इंजिनाचा खर्च आधीच हाताबाहेर चालला होता, आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये कंपनीने दिवाळं जाहीर केलं.

कंपोझिट अवघड का? आपल्याकडे मातीत भुसा घालून भिंत लिंपतात ना, कल्पना तीच. पण तुटताना धातूसारखा एकच तडा जाईल असं नाही. तंतू तुटतात, मधलं रेझिन तडकतं, थर एकमेकांपासून सुटतात, आणि हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. १९७१ मध्ये त्साई आणि वू यांनी, १९८० मध्ये हाशिन यांनी सूत्रं दिली. एखाद्या बिंदूवर ताण अमुक झाला की तिथे बिघाड सुरू झाला, असं ती सांगतात. आम्ही सॉफ्टवेअरमध्ये हाशिनचंच सूत्र निवडलं होतं.

आता माझ्या पट्टीत काय झालं ते सांगतो. सूत्र लागू झालं की तो चौकोन कमजोर करायचा, इतकंच आम्ही केलं होतं. मग तडा चौकोनांच्या एकाच ओळीतून जातो. ओळ जितकी अरुंद, तितकी त्यात खर्च होणारी ऊर्जा कमी. मेश बारीक करत गेलात तर पट्टी जवळजवळ फुकटात तुटते! ग्रिफिथचा हिशोबच गायब.

यावरचा मार्ग आला काँक्रीटवाल्यांकडून. स्वीडनमध्ये हिलरबोर्ग आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये तड्याच्या दर चौरस एककामागे लागणारी ऊर्जा थेट मॉडेलमध्ये बांधून टाकली. १९८३ मध्ये बाझांत आणि ओह यांनी चौकोनाच्या आकारानुसार कमजोर होण्याचा वेग बदलायची पद्धत दिली. २००२ मध्ये कामान्यो आणि दाविला यांनी नासाच्या एका अहवालात, कंपोझिटचे थर सुटण्यासाठी ऊर्जेचाच हिशोब धरणारे एलिमेंट मांडले. आज या गोष्टी सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळतात. आमच्यातही होत्या. ती ऊर्जेची रकान्यातली किंमत आम्ही भरलीच नव्हती.

पण मला सगळ्यात भिडला तो वेगळाच प्रकार. ब्रिटनमध्ये हिंटन, सोडन आणि कद्दूर यांनी १९९० च्या दशकात जगभरच्या थिअरीवाल्यांना आव्हान दिलं. मटेरियलची माहिती आणि १४ प्रसंग सगळ्यांना सारखे दिले. प्रयोगांचे निकाल मात्र दिले नाहीत. आधी आकडा सांगा, मग निकाल बघा. अंदाज १९९८ मध्ये छापून आले, प्रयोगांशी तुलना २००२ मध्ये. काही ठिकाणी एकाच लॅमिनेटबद्दलचे अंदाज एकमेकांपासून कितीतरी लांब होते. शेवटी १९ थिअरी तपासल्या गेल्या. पुक, कुंत्से अशा काहींच्या थिअरी पुढे राहिल्या, पण सगळ्या प्रसंगांत बरोबर ठरलेली एकही नव्हती. आणि हे त्यांनी नावानिशी, उघडपणे छापलं. विचार करा, किती धाडस लागत असेल.

मी आता विमानाचं काही करत नाही, सर्व्हरचा कोड लिहितो. तरी परवा टेस्ट लिहिताना प्रोग्रॅमने दिलेलंच उत्तर कॉपी करून ‘अपेक्षित उत्तर’ म्हणून चिकटवत होतो. हिरवी टिक आली आणि एकदम ती पट्टी आठवली. टेस्ट पुसली, कागद घेतला, आणि उत्तर आधी हाताने काढलं. जुळलं नाही. चूक कोडमध्ये होती.

तुम्हीही कधी असं ‘जुळवून’ घेतलं असेल तर कमेंटमध्ये सांगा, नाव न सांगता चालेल. भेटू पुढच्या भागात.