कोंबडीने किडे खाल्ले, पण कीड कमी झाली का?



सिनॉप्सिसची तयारी सुरू झाली की एक शंका बहुतेकांना सतावते: जे सगळ्यांनाच माहीत आहे, त्यावर संशोधन काय करायचं? आज अशाच एका ‘सगळ्यांना माहीत असलेल्या’ गोष्टीचा इतिहास बघू. परसातल्या कोंबड्या किडे खातात. म्हणजे बागेतली कीड वेचून त्यांना घातली, की कीडही जाते आणि दाण्याचा खर्चही वाचतो. ऐकायला एकदम सरळ. पण या वाक्यात निदान तीन वेगवेगळे प्रश्न दडलेले आहेत. अमेरिकेतली तीन उदाहरणं घेऊन ते सुटे करू.

पहिला प्रश्न: कोंबडी किडे खाते का?

1874 च्या उन्हाळ्यात कॅन्सस, नेब्रास्का आणि आसपासच्या प्रदेशावर रॉकी माउंटन टोळांच्या धाडी आल्या. उभी पिकं गेली. कोंबड्या आणि टर्की मात्र टोळांवर तुटून पडल्या. हे त्या काळच्या आठवणींत पुन्हा पुन्हा येतं, आणि त्यासोबत एक तक्रारही येते: कोंबड्यांच्या मांसाला आणि अंड्यांना टोळांची चव लागायची, खाववत नव्हतं.

म्हणजे ‘खाते का’ याचं उत्तर ठणठणीत ‘हो’. पण टोळ काही त्यामुळे हटले नाहीत. एवढ्या मोठ्या धाडीपुढे परसातल्या पाच-पन्नास कोंबड्या काय करणार? शिवाय जे खाल्लं ते अंड्यात उतरलं, हे लोकांना जिभेनेच कळलं. ही निरीक्षणं मोलाची आहेत, पण तो प्रयोग नव्हे. तुलना करायला दुसरा गट नाही, मोजमाप नाही.

दुसरा प्रश्न: किडे खाऊन कोंबडीचं काय होतं?

हा टप्पा माझ्या आवडीचा. अमेरिकेच्या पूर्व भागात रोझ चेफर नावाचा भुंगेरा आहे. साधारण एक सेंटिमीटर लांब, काटेरी पायांचा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तो गुलाब आणि द्राक्षवेलींवर थव्याने येतो. त्याच दिवसांत कोंबडीची लहान पिल्लं मरतात, हे तिथल्या लोकांच्या लक्षात आलं होतं. कारण काय? कोणी म्हणे, गळ्याजवळची अन्नाची पिशवी भुंगेऱ्यांनी गच्च भरते. कोणी म्हणे, काटेरी पायांनी ती आतून फाटते. दोन्ही स्पष्टीकरणं पटण्यासारखी होती. ती तपासून कोण बघणार, एवढाच प्रश्न होता.

कनेक्टिकट राज्यातल्या स्टॉर्स इथल्या कृषी संशोधन केंद्रात जॉर्ज लॅमसन यांनी ते काम केलं. 1916 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्यांचा लेख आला. त्यांनी पिल्लांना भुंगेरे खाऊ घातलेच, पण भुंगेऱ्यांचा अर्क काढून त्याचाही परिणाम पाहिला. इथे जरा थांबा, कारण युक्ती इथे आहे. अर्कात ना काटे असतात, ना पिशवी गच्च भरण्याइतका ऐवज. तरीही अर्क घातक ठरला. मग दोन्ही जुनी स्पष्टीकरणं पुरेशी राहत नाहीत. भुंगेऱ्याच्या अंगातच विष आहे, हे उरतं. आठवड्याच्या पिल्लाला 15 ते 20 भुंगेरे जिवावर बेततात, मोठ्या कोंबड्यांना धोका कमी, हेही त्या कामातून पुढे आलं.

महागडं उपकरण नाही, अवघड गणित नाही. दोन गृहीतकं एकाच वेळी तपासणारा एक प्रयोग. मेथडॉलॉजीच्या पेपरमध्ये ‘कारण वेगळं काढणे’ म्हणतात ते हेच.

तिसरा प्रश्न: पिकाचं नुकसान कमी होतं का?

1996 मध्ये क्लार्क आणि गेज यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. सफरचंदाची बाग, मध्ये बटाट्याचं आंतरपीक, रसायनं नाहीत. त्यात मोकळ्या सोडलेल्या कोंबड्या आणि गूस, म्हणजे पाळीव हंस. कोंबड्यांनी जपानी भुंगेरे खाल्ले आणि झाडांवरची त्यांची संख्या कमी दिसली. इथेच थांबले असते तर ‘कोंबडीने कीड आटोक्यात आणली’ असं लिहून मोकळे झाले असते. पण त्यांनी फळंही तपासली. नुकसान झालेल्या फळांचं प्रमाण घटलेलं नव्हतं!

गंमत पुढे आहे. गूस गवत खातात. त्यांनी तण कमी केलं, बटाट्याचं उत्पन्न वाढलं, आणि प्लम कर्क्युलिओ या सोंडेवाल्या भुंगेऱ्यामुळे होणारं फळांचं नुकसानही घटलं. गवत गेल्यामुळे जमिनीलगतचा ओलावा कमी होऊन या भुंगेऱ्याची हालचाल मंदावली असावी, असा संशोधकांचा अंदाज. म्हणजे किडे खाणाऱ्या पक्ष्याने फळ वाचवलं नाही, गवत खाणाऱ्याने वाचवलं.

आता तुमच्याकडे वळू

आपल्याकडे वळवाचा पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे बाहेर पडतात. संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतात, शेतकरी फांद्या हलवून ते गोळा करतात आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकतात. ‘फेकता कशाला, कोंबड्यांना घाला’ असं कोणी सुचवलं, तर त्याचा संशोधन प्रश्न कसा मांडाल? रोझ चेफर आणि हुमणी एकाच कुळातले आहेत. तेवढ्यावरून हुमणी विषारी ठरत नाही, आणि सुरक्षितही ठरत नाही. कोंबडीचं वय काय? झाडावर आधी फवारणी झाली होती का? अंड्यात काय उतरतं? आणि शेवटी ऊस किंवा भुईमूग खरंच वाचतो का?

विषय निवडताना एक सवय लावून घ्या. माहीत असलेलं वाक्य कागदावर लिहा आणि त्यातलं प्रत्येक क्रियापद वेगळं करा. ‘खाते’, ‘पचवते’, ‘कमी करते’, ‘वाचवते’. प्रत्येकाला वेगळं मोजमाप लागतं. एकाचं मोजून दुसऱ्याचा निष्कर्ष लिहिलात, तर व्हायवात पहिला प्रश्न त्यावरच येईल.