लैंगिक आरोग्यशिक्षण : बौद्धिक दिव्यांग व स्वमग्न किशोरवयीनांचे

बौद्धिक दिव्यांगत्व वा स्वमग्नता असलेल्या मुलामुलींना शरीर, वयात येणे, संमती आणि आत्मसंरक्षण यांविषयी त्यांच्या आकलनाच्या गतीने दिले जाणारे शिक्षण. आकलनाची गती वेगळी असली तरी पाळी, वीर्यस्खलन, आकर्षण हे सारे बहुधा इतरांच्याच वयात येते. म्हणून तयारी त्याआधीच व्हावी लागते.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रात हा विषय गाजला तो शस्त्रक्रियांमुळे. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूर (जि. पुणे) येथील शासकीय संस्थेतील बौद्धिक दिव्यांग मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीतली स्वच्छता त्यांना राखता येत नाही, हे कारण दिले गेले. स्त्री-संघटनांच्या विरोधानंतर उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. खरे तर पॅड बदलणे पायरीपायरीने शिकवता येते. गर्भाशय काढल्याने लैंगिक अत्याचारही टळत नाही. गर्भधारणेतून तो उघड होण्याची वाट तेवढी बंद होते.

कायदा : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १० नुसार प्रजनन व कुटुंबनियोजनाची माहिती हा हक्क आहे; मुक्त संमतीविना वंध्यत्व आणणारी शस्त्रक्रिया करता येत नाही. बालकांना लैंगिक अपराधांपासून जपणाऱ्या ‘पॉक्सो’ कायद्याचे संरक्षण अठराव्या वर्षापर्यंतच. हे वय जन्मतारखेचे, मानसिक नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे अठरानंतर स्वतः ‘नको’ म्हणता येणे अधिकच मोलाचे ठरते.

अध्यापन : अवयवांची खरी नावे, चित्रकार्डे आणि रोजचा सराव हा पाया. स्वमग्न मुले बहुधा सूचना शब्दशः घेतात. ‘नीट वाग’ यातून त्यांना काहीच कळत नाही. ‘कपडे न्हाणीत, दार लावून बदलायचे’ हे कळते. हस्तमैथुन केल्याबद्दल मारणे निरुपयोगी. त्यासाठीची खासगी जागा आणि वेळ शिकवावी. आज्ञाधारकपणावरच भर देऊन वाढवलेल्या मुलाला नकार देता येत नाही, म्हणून साध्या गोष्टींतही त्याचा नकार मानावा. मुलग्यांचे शिक्षण विशेष दुर्लक्षित आहे.

विवाह : अशा व्यक्तींच्या विवाहाविषयी मतभेद आहेत.

भंडारा जिल्ह्यातील अंमलबजावणी : राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खालील स्थानिक स्तर समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली अठरा वर्षांवरील अशा व्यक्तींसाठी कायदेशीर पालक नेमते. पालकत्वाच्या अर्जाच्या वेळीच लैंगिक आरोग्यशिक्षण मिळाले का, याची चौकशी व्हावी. जिल्ह्यात घरी बोलली जाणारी झाडीबोली चित्रकार्डांवर असणे आवश्यक.