गोदाकांठचीं स्त्रीनामें

बखरी, सनदा आणि ताम्रपट यांच्या आधारें राजांच्या वंशावळी लावण्यांत आमच्या संशोधकांनीं पुष्कळ श्रम वेंचले आहेत. घरोघरीं पाळण्यांत ठेवलेलीं मुलींचीं नांवें हेंहि इतिहासाचें एक साधन आहे. त्याकडे मात्र जावें तितकें लक्ष गेलेलें नाहीं. मुलाला बहुधा आजोबाचें नांव मिळे, म्हणून तें एक पिढी ओलांडून मागें पाहत राही. मुलीच्या नांवावर असा भार कमी. त्यामुळें ज्या काळीं तें ठेवलें त्या काळची भक्ति, भीति आणि हौस त्यांत अधिक मोकळेपणानें उतरते. या दृष्टीनें आम्ही येथें एका लहानशा मुलुखांतील नांवांचा विचार करणार आहों.

निफाड तालुक्यांतील पिंपळगांव बसवंत हें मुंबई-आग्रा रस्त्यावरील गांव द्राक्षें, कांदा व टोमॅटो यांच्या बाजारासाठीं प्रसिद्ध आहे. त्याच्या एका अंगास नाशिकचीं पांडवलेणीं, दुसऱ्या अंगास चांदवडची रेणुका, वरच्या बाजूस वणीची सप्तशृंगी आणि खालीं गोदावरी. एवढ्या चतुःसीमेंत दोन हजार वर्षांच्या स्त्रीनामांचे नमुने सांपडतात.

आरंभ अर्थातच लेण्यांपासून केला पाहिजे. त्रिरश्मि डोंगरावरील तिसऱ्या लेण्यांत वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षांतला जो प्रसिद्ध लेख आहे, तो कोरविणारी गौतमी बलश्री ही गौतमीपुत्र सातकर्णीची आई होय. यांत ‘गौतमी’ हें गोत्रावरून आलेलें आणि ‘बलश्री’ हें तिचें स्वतःचें नांव. राजाची ओळख आईच्या गोत्रावरून सांगण्याची ही रीत सातवाहनांत रूढ होती. प्राचीन रोमांतहि मुलीला कुळाचेंच नांव मिळे. कॉर्नेलियस कुळांतली ती कॉर्नेलिया, ज्यूलियस कुळांतली ती ज्यूलिया. परंतु तेथील स्त्रीला बहुधा तेवढ्यावरच भागवावें लागे. आमच्या गौतमीला निराळें ‘बलश्री’ होतें, आणि तें शिळेवर टिकलें.

दहाव्या लेण्यांतील दोन नांवें याहूनहि बोलकीं आहेत. दक्षमित्रा ही क्षहरात क्षत्रप नहपान याची कन्या आणि उषवदाताची पत्नी. बापाचें नांव परकीय, मुलीचें मात्र शुद्ध संस्कृत वळणाचें! बाहेरून आलेलें घराणें या भूमींत मिसळत होतें याचा हा नामरूप पुरावा आहे. दुसरी विष्णुदत्ता. आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळीं या शक स्त्रीनें आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठीं श्रेणींकडे द्रव्य ठेव म्हणून ठेविलें. जातीनें शक, धर्मानें बौद्ध उपासिका आणि नांव विष्णूनें दिलेली! आजच्या पंथाभिमान्यांनीं हें नांव एकदां सावकाश वाचावें.

मध्ययुगांत नांवांचा पेहराव पालटतो. श्री, मित्रा, दत्ता हीं उत्तरपदें मागें पडून आई, बाई, ऊ हीं घरगुती पदें पुढें येतात. महानुभावांच्या ग्रंथांत महदाइसा, उमाइसा, आऊसा भेटतात. नामदेवांचें घर तर या बाबतींत एक लहानसें कोठारच आहे. आई गोणाई, पत्नी राजाई, बहीण आऊबाई, लेक लिंबाई, आणि सुना लाडाई, गोडाई, येसाई, साखराई! लाड, गोडी, साखर आणि लिंब हें सगळें एकाच उंबऱ्याच्या आंत. पुराणांतील देवींचीं नांवें घेण्याऐवजीं जिभेवरच्या शब्दांतून नांव घडविण्याची ही ऐट पुढें विरळ झाली, याची आम्हांस खंत वाटते.

त्यानंतरचा काळ नद्यांचा आणि तीर्थांचा. तुकोबांच्या तीन मुली काशी, भागीरथी आणि गंगा. ज्या कुणब्याला आयुष्यांत काशीस जाणें घडण्यासारखें नव्हतें, त्यानें काशीलाच अंगणांत खेळविलें. गया, प्रयाग, मथुरा, द्वारका, अयोध्या हीं सारीं क्षेत्रें याच वाटेनें खेड्यांत आलीं. गोदाकांठीं तर नदीलाच गंगा म्हणण्याचा प्रघात. त्यामुळें येथील गंगूबाई आणि गोदूबाई या एकाच प्रवाहाच्या दोन लेकी होत. पुराणांतल्या स्त्रियाहि आल्या, पण गांवच्या उच्चारांत न्हाऊन: द्रौपदीची धुरपदा झाली, रुक्मिणीची रखमा, यशोदेची येसू, कौसल्येची कौसा. फारसी गुलाब गुलाबबाई होऊन नांदली, आणि अरबी ‘हवस’ ही ‘हौस’ होऊन हौसाबाईच्या रूपानें घरची झाली. पंचवटी इतकी जवळ असल्यामुळें सीता घरोघर आढळावी यांत नवल नाहीं. शूर्पणखेचें नांव मात्र, तिचें नाक येथेंच कापलें गेल्याची कथा असूनहि, कोणी लेकीला दिलें नाहीं. कैकेयीचीहि तीच गत.

आतां या मालिकेंतील काळी बाजू. धोंडाबाई, दगडाबाई, भिकाबाई हीं नांवें ऐकून शहरी माणूस हंसतो. परंतु त्यांच्यामागें माया आहे. मुलें जगत नसत, तेव्हां मृत्यूची दृष्टि पडूं नये म्हणून मुलाला धोंडू आणि मुलीला धोंडी म्हणत. दगड कोण नेणार, असा तो भाबडा डाव होता. नकोशी किंवा नकुसा हें नांव वरवर याच जातीचें दिसतें. हेतु मात्र अगदीं उलटा. धोंडीला ‘राहा’ असें सांगितलें जाई. नकोशीच्या तोंडून पुढच्या मुलीला ‘येऊं नकोस’ असें सांगविलें जाई. आणि हा निरोप ती बिचारी जन्मभर आपल्या नांवांत वाहत असे. ऑक्टोबर २०११ मध्यें साताऱ्यास एका समारंभांत अशा २८५ मुलींना नवीं नांवें देण्यांत आलीं. एका दिवसांत नांव पालटतें, मन इतक्या लवकर पालटत नाहीं, हें खरें. तथापि ज्या नांवानें हांक मारली कीं अपमान होतो, तें पुसणें हेंहि थोडें काम नव्हे.

नांव पुसण्याचा दुसरा आणि फार मोठा प्रकार विवाहाचा. ताटांत तांदूळ पसरून त्यांवर अंगठीनें वधूचें नवें नांव लिहिण्याची चाल सर्वांस ठाऊक आहे. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. डॉक्टर आनंदीबाई जोशी याहि माहेरच्या यमुना. बाबा पदमनजींच्या १८५७ च्या ‘यमुनापर्यटना’ची नायिका यमुना, आणि हरिभाऊंच्या ‘पण लक्षांत कोण घेतो’ची नायिकाहि यमूच. जणूं त्या शतकाच्या माहेरचें नांवच यमुना होतें. झांशीची राणी लक्ष्मीबाई माहेरची मनकर्णिका, आणि नाशिकजवळील जलालपुरास १८६८ सालीं जन्मलेल्या ‘स्मृतिचित्रें’कर्त्या लक्ष्मीबाई टिळक याहि मनकर्णिकाच. यांत एक मेख आहे. माहेरीं मुलगी नदी किंवा तीर्थ असते, स्वतःच्या ओघानें वाहणारी. सासरीं ती पुष्कळदां पतीच्या नांवास जुळणारी देवता होते. माधवाची रमा, नारायणाची लक्ष्मी. तिचें नांव त्याच्या नांवाचें उत्तरपद बनतें. सुधारकहि या चालींतून सुटले नाहींत: १८९३ सालीं विधवाविवाह करून समाजाचा रोष पत्करणाऱ्या अण्णासाहेब कर्व्यांच्या घरीं गोदूबाईंची आनंदीबाई झालीच.

पुस्तकांनीं नांवें बदलतात, ही गोष्ट केवळ आमच्याच देशाची नव्हे. युरोपांतील एस्तोनियांत चर्चनें आणलेलीं मारी, काद्री अशीं नांवें शतकानुशतकें चाललीं. एकोणिसाव्या शतकांत राष्ट्रभावना जागी झाल्यावर ‘कालेविपोएग’ महाकाव्यांतील नायकाच्या आईचें लिंडा हें नांव लोकांनीं उचललें. आमच्याकडेहि छापील पुस्तक घरांत आलें तसतशा गोदा, यमुना मागें सरून सुधा, नलिनी, मालती पुढें आल्या.

परंतु नांव कोणतें ठेवावें याहून तें कोठें लिहिलें जातें हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. बलश्री, दक्षमित्रा आणि विष्णुदत्ता यांचीं नांवें आज आपण वाचतों, याचें कारण त्यांच्याजवळ देण्यासारखें कांहीं होतें. ओवरी दिली, लेणें दिलें, ठेव ठेविली, म्हणून नांव कोरलें गेलें. त्याच डोंगराच्या पायथ्याशीं शेतें नांगरणाऱ्या घरांतील बायांचें एकहि नांव उरलें नाहीं. मराठींत ‘नांव राहणें’ आणि ‘नांव लागणें’ असे दोन प्रयोग आहेत. पहिला कीर्तीचा, दुसरा जमिनीचा. दुसऱ्यावांचून पहिला क्वचितच साधतो.

हें ओळखूनच कीं काय, पिंपळगांवाच्या शेजारीं चांदवडास नोव्हेंबर १९८६ मध्यें शेतकरी स्त्रियांचें जें मोठें अधिवेशन भरलें, त्याच्या पाठोपाठ शरद जोशी यांनीं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, आणि शेतकऱ्यांनीं जमिनीचा एक तुकडा घरधनिणीच्या नांवें करावा असें सांगितलें. १९९४ सालीं महाराष्ट्रानें व २००५ सालीं मध्यवर्ती सरकारनें वडिलार्जित मिळकतींत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नांवांत सरकारी कागदपत्रांवर बापाच्या आधीं आईचें नांव लिहिणें महाराष्ट्रांत आवश्यक झालें आहे. गौतमीपुत्राची रीत अठराशें वर्षांनंतर सामान्य माणसाच्या दाखल्यावर परत आली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

तरीहि द्राक्षबागांच्या या संपन्न मुलुखांत, आणि सबंध महाराष्ट्रांतहि, एक कागद अजून फार चालतो: बहिणींनीं भावांच्या लाभांत लिहून दिलेलें हक्कसोडपत्र. कायद्यानें लेकीचें नांव सातबाऱ्यावर चढतें तें पुष्कळदां केवळ खालीं उतरण्यासाठीं. माहेरच्या कागदावर त्या गोदेचें, काशीचें वा नलिनीचें नांव एकदांच स्वच्छ अक्षरांत येतें, आणि तें सोडून देणारी म्हणून. नांवांचा इतिहास लिहिणाऱ्यानें पाळण्यापाशीं थांबून चालणार नाहीं. त्यानें तलाठ्याच्या दप्तरापर्यंत गेलें पाहिजे. विष्णुदत्तेनें दिलें म्हणून तिचें नांव राहिलें; आमच्या लेकीहि देतातच, पण ज्या कागदानें देतात त्याच कागदानें त्यांचें नांव जातें.