बोंडातला सोंड्या आपल्याकडं का आला नाही



तुडतुडे, मावा, पांढरी माशी, फुलकिडे आणि वर गुलाबी बोंडअळी. कापसावर एवढं सगळं आपण भोगतो. पण कापसाची एक कीड अशी आहे की तिनं अमेरिकेतल्या कापूसवाल्यांचं कंबरडं मोडलं, आणि आपल्या देशात ती आजपर्यंत नाही. त्याचा इतिहास मुंबई बंदरात सापडतो.

ती कीड म्हणजे बोंडातला सोंड्या. धान्यातल्या सोंड्याचाच भाऊबंद, पाव इंचाएवढा. मादी सोंडेनं पातीला भोक पाडून आत अंडं घालते, पाती गळते. पात्या संपल्या की बोंडं धरते. अळी आतच वाढते, त्यामुळं फवारा तिच्यापर्यंत पोचतच नाही. मूळ मेक्सिकोचा हा किडा 1892 च्या सुमारास नदी ओलांडून टेक्सासात आला आणि तीसेक वर्षांत तिथला कापसाचा जवळपास सगळा पट्टा त्यानं व्यापला. अलाबामा राज्यातल्या एंटरप्राइज गावानं मग कापूस कमी करून भुईमूग धरला. त्यात त्यांचं बरं झालं, म्हणून 1919 साली भर चौकात या किड्याचं स्मारक उभारलं. आपल्याकडं बोंडअळीचं कुणी उभारेल असं वाटत नाही.

आता मुंबईकडं येऊ. आपला देशी कापूस आखूड धाग्याचा, आणि बारीक सुतासाठी गिरण्यांना लांब धागा लागायचा. म्हणून अमेरिकन रुईच्या गाठी बोटीनं यायच्या. गाठीत नुसती रुई नसते. जिनिंगमधून सुटलेली सरकी असते, काडीकचरा असतो, आणि त्यात जिवंत सोंड्या दडून येऊ शकतो. 1906 साली सरकारनं आयात गाठींना धुरी सक्तीची केली. तेव्हा कीड अडवायला वेगळा कायदाच नव्हता, 1878 च्या सागरी जकात कायद्याचा आधार घ्यावा लागला. किडींचा कायदा 1914 साली झाला. पुढं अमेरिकन कापूस फक्त मुंबई बंदरातच उतरवायचा असंही ठरलं. एकच दार असलं की राखण सोपी जाते. इंग्रज सरकारला शेतकऱ्याचा कळवळा होता म्हणून हे झालं असं मी मानत नाही, कापसाचा व्यापार आणि महसूल वाचवायचा होता. पण फायदा आपल्याला झाला हे खरं.

याच काळात उलटी गोष्टही घडली. गुलाबी बोंडअळी शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा नोंदली ती भारतातून, 1843 साली, भडोच भागातल्या कापसावरून. ही अळी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून आत झोपून राहते, महिनोन्महिने. 1906-07 च्या आसपास ती भारतातल्या कापसाबरोबर इजिप्तला पोचली. तिथल्या बियाण्यातून 1911 ला मेक्सिकोत आणि 1917 पर्यंत टेक्सासात गेली. म्हणजे आपण त्यांचा सोंड्या बंदरात अडवत होतो आणि आपली अळी दुसऱ्या दारानं जगभर चालली होती. अमेरिकेनं बीटी वाण, वांझ पतंग आणि पऱ्हाटी वेळेत गाडणं हे सगळं एकत्र राबवून 2018 साली ती आपल्या कापूस पट्ट्यातून संपल्याचं जाहीर केलं. आपल्याकडं 2017 च्या हंगामात तिनं काय केलं ते विदर्भ-मराठवाड्यात सांगायची गरज नाही. अजूनही फरदड ठेवणारे ठेवतातच!

आता दाखल्याबद्दल. द्राक्ष निर्यातवाल्यांना ‘फायटो’ माहीत आहे. तो माल पाठवणाऱ्या देशाचं सरकारी पीक संरक्षण खातं देतं. धुरीचा दाखला वेगळा, तो धुरी देणारी मान्यताप्राप्त संस्था देते. त्यात वायू कोणता, घनमीटरला किती ग्रॅम, किती तास, तापमान किती, हे सगळं असावं लागतं. यातला एक आकडा जरी चुकला तरी कागद बरोबर आणि कीड जिवंत, असं होऊ शकतं. थंडीत किडीचा श्वास मंदावतो, तेवढाच वायू कमी पडतो. माल प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेला असेल तर वायू आत जातच नाही. वापरतात तो मिथाइल ब्रोमाइड. ओझोनला घातक म्हणून शेतीतला त्याचा बाकी वापर जगभर बंद होत गेला, पण बंदरावरच्या कामासाठी सूट ठेवली. तो माणसालाही मारतो आणि त्याला वास नाही. त्यामुळं हे प्रशिक्षित माणसाचंच काम.

लाकडी पेट्या आणि पॅलेटचा नियम 2002 साली जगभरासाठी ठरला. 1996 ला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात आशियातला लांब मिशांचा भुंगेरा सापडला होता, तो मालाच्या लाकडी वेष्टनातून आला असं मानतात. आता अशा लाकडाला गाभ्यापर्यंत 56 अंश उष्णता 30 मिनिटं द्यायची, नाहीतर धुरी, आणि वर गव्हाच्या लोंबीचा शिक्का मारायचा. एचटी म्हणजे उष्णता, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड.

परदेशी यंत्राबरोबर आलेलं असं लाकूड भंगारवाल्याकडून जळणाला किंवा गोठ्याला घेता, तेव्हा आधी शिक्का बघा. शिक्का नसेल आणि गोल भोकं किंवा ताजा भुसा दिसला तर ते बागेजवळ टाकू नका, कृषी सहायकाला दाखवा.